अकरा पंचवीसची चिठ्ठी

माझ्या धाकट्या भावाला घरात बारक्या म्हणतात. तो सहा फूट एक इंच आहे. नाव पडलं तेव्हा बारका होता, आणि आमच्या घरात एकदा ठरलेलं कुणी बदलत नाही. सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

आम्ही दोघं पुस्तकं बांधतो. दुकान वडिलांपासूनचं. एक लांब टेबल, अलीकडे मी, पलीकडे तो, मध्ये खळीचं भांडं. मी फर्मे शिवतो, म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या एकावर एक ठेवून दोऱ्यानं जोडतो. तो कण्याला खळ लावतो आणि पुस्तक शिकंज्यात घालतो. शिकंजा म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायचं लोखंडी यंत्र, वरचं चाक फिरवून आवळायचं. पस्तीस मिनिटं दाब द्यायचा. कमी दिला तर कणा सुटतो. जास्त दिला तर काही बिघडत नाही, पण वडिलांना तेही खपायचं नाही. त्यांचा नियम होता, शिकंज्यात काहीही घातलं की वर वेळेची चिठ्ठी लावायची, मगच दुसऱ्या कामाला हात लावायचा. वडील गेले, चिठ्ठी राहिली.

अकरा वर्षं आमचं जे काही बोलणं झालं ते या चिठ्ठ्यांवर. वर वेळ आणि खाली, गरज असलीच तर, दोन शब्द. ‘दोरा संपला.’ ‘उद्या उशिरा येईन.’ एकदा मला ताप होता तेव्हा ‘घरी जा’ असं लिहिलेलं होतं. मी गेलो नाही. त्यानं सांगितलं म्हणून कोण जातंय!

भांडण कशावरून झालं ते सांगून टाकतो, नाहीतर लोकांना वाटतं जमीनजुमल्यावरून झालं असेल. एका निवृत्त हेडमास्तरांनी आपल्या आठवणी बांधायला दिल्या होत्या. चारशे पानं, सगळी हातानं लिहिलेली. त्यात सातवा फर्मा उलटा शिवला गेला. सोळा पानं खाली डोकं वर पाय. नेमकं त्या सोळा पानांत त्यांचं लग्न होतं. हेडमास्तरांनी पुस्तक उघडलं, फिरवलं, परत फिरवलं, टेबलावर आपटलं आणि निघून गेले. ते काही परत आले नाहीत. बारक्या म्हणाला, शिवलंस तू, चूक तुझी. मी म्हणालो, फर्मे लावून दिलेस तू, चूक तुझी. चूक खरी कुणाची होती ते सध्या राहू द्या. मी म्हणालो, “आजपासून तुझ्याशी बोललो तर बापाचं नाव लावणार नाही.” तो म्हणाला, “बरं.”

म्हणजे त्याचा माझ्याशी शेवटचा शब्द ‘बरं’ होता. पुस्तक वरच्या फळीवर ठेवलं गेलं आणि आम्ही दोघं तोंडात मिठाची गुळणी धरून कामाला लागलो.

मी लग्न केलेलं नाही. कुणी कारण विचारलंच तर सांगतो, वेळ झाला नाही. बारक्याची बायको शाळेच्या कार्यालयात कारकून आहे आणि रोज एक वाजता आमच्या दोघांचे डबे घेऊन दुकानात येते. निरोप्याचं कामही तिच्याकडेच. “भावजी, हे म्हणतायत की खिडकी लावा.” हे म्हणजे बारक्या, माझ्यापासून चार फुटांवर बसलेला. मी म्हणायचो, “त्यांना सांग, खळ वाळत नाही खिडकी लावली की.” ती मान वळवून सांगायची. पहिली दोन वर्षं ती रडायची, मग तिला सवय झाली, मग तिनं एकदा आम्हा दोघांनाही गाढव म्हटलं आणि त्यानंतर तीही फक्त डबे आणायला लागली.

तर तो मंगळवार. पावणेअकराच्या पुढे पाच मिनिटांनी बारक्यानं तीन पुस्तकं शिकंज्यात घातली. चिठ्ठी लिहिली, ‘१०.५०’. खाली लिहिलं, ‘निळं कापड मागव.’ त्याचं अक्षर छापल्यासारखं आहे, हे मी कधी त्याच्या तोंडावर म्हटलेलं नाही.

अकरा पंचवीसला त्यानं ती काढली आणि पुढची दोन घातली. चिठ्ठी लावली. मी सहज बघितलं. चिठ्ठीवर एकावर एक दोन काठ्या होत्या आणि मग एक रेघ, जी उतरत उतरत कागदाच्या बाहेर टेबलावर गेली होती. वेळ नाही, काही नाही.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अकरा वर्षं काहीही झालं तरी वडिलांच्या चिठ्ठीत आम्ही कधी चेष्टा आणली नव्हती. मी वर बघितलं तर हा माझ्याकडे बघतोय आणि तोंड एका बाजूला वाकडं. मला वाटलं, वेंगाडून दाखवतोय. पन्नाशी उलटलेला माणूस! मी लाल पेन्सिल घेतली, भिंतीवरच्या घड्याळात बघितलं, चिठ्ठीवर ठसठशीत ‘११.२५’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. शाळेत वहीवर मारतात तशा. शिकंज्यावर त्याच वेळेची दुसरी चिठ्ठी लावली, आणि ही आणि आधीची अशा दोन्ही खिशात टाकल्या. एक वाजता त्याच्या बायकोला दाखवणार होतो. बघ, तुझा नवरा काय करतो ते.

मग त्याच्या हातातून कुंचला पडला. त्यानं उचलला नाही. मीही उचलला नाही. तो स्टुलावर बसला, उजवा हात मांडीवर ठेवून. मला वाटलं, आता कामही बंद, वा! मी चिडून भराभर शिवायला लागलो.

थोड्या वेळानं त्यानं आवाज काढला. “अ.” मग परत, “अ... अ.” माझ्याकडे बघून.

मी पाठ फिरवली. हे मला सांगायलाच हवं, म्हणून सांगतो. अकरा वर्षांनी माझा भाऊ माझ्याशी बोलायला आला होता आणि मी स्टूल उलटं फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलो. मनात म्हणालो, आधी माफी माग, मग बघू. त्या दीड तासात मी रोजच्यापेक्षा चार पुस्तकं जास्त शिवली.

एक वाजता त्याची बायको आली. दारातूनच तिनं डबे खाली टाकले. डबे ठेवले नाहीत, टाकले. “अहो, हसून दाखवा,” ती त्याला म्हणाली. मला वाटलं, हिला काय झालं? “दोन्ही हात वर करा.” त्याचा डावा हात वर गेला. उजवा मांडीवरच. शाळेत त्यांना हे शिकवलं होतं म्हणे, पक्षाघात ओळखायला तोंड, हात, बोलणं बघायचं. तिनं फोन लावला, पत्ता सांगितला, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी हातात सुई धरून उभा होतो.

“भावजी, कधीपासून?”

मी काही बोललो नाही. सवय.

दीड वाजता आम्ही दवाखान्यात. त्याला ढकलत आत नेलं, डोक्याचा फोटो काढायला. आम्हाला एका खोलीत उभं केलं. टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीवर मेंदूचं चित्र. चित्राखाली लिहिलं होतं की मेंदूची रक्तवाहिनी तुंबली तर दर मिनिटाला एकोणीस लाख पेशी मरतात. मी ते दोनदा वाचलं. छपाई चांगली होती.

डॉक्टरीणबाई आल्या. वय तीसएक, केस घट्ट बांधलेले, बोलणं भराभर. म्हणाल्या, “रक्तस्राव नाही, रक्ताची गाठ आहे. गाठ विरघळवायचं इंजेक्शन आहे आपल्याकडे. पण ते सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. नंतर दिलं तर डोक्यातच रक्तस्राव होण्याची भीती जास्त. त्यामुळे मला एकच सांगा, त्यांना शेवटचं ठणठणीत कधी पाहिलं?”

“सकाळी आठला घरातून निघाले तेव्हा,” त्याची बायको म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळात बघितलं. दोनला पाच कमी होती. “आठ म्हणजे साडेबाराला वेळ संपली. मधे कुणी पाहिलं नाही का? दुकानात कोण होतं?”

बायकोनं माझ्याकडे बघितलं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. भिंतीवरच्या मेंदूनंही बघितलं असेल.

आता माझी अडचण समजून घ्या. मी बोललो तर त्याला इंजेक्शन मिळणार होतं. आणि मी बोललो तर सगळ्यांना कळणार होतं की मी दीड तास त्याच्यासमोर बसून सुई चालवत होतो. माणूस इतका नीच असतो का, की यातही विचार करायला वेळ लागावा? लागतो. मला चार मिनिटं लागली. म्हणजे शहात्तर लाख.

त्या चार मिनिटांत डॉक्टरीणबाई त्याच्या बायकोला समजावत होत्या. मधला भाग गेलेला असतो, तो परत येत नाही. पण त्याच्या भोवतीचा भाग अजून मेलेला नसतो, नुसता उपाशी असतो. रक्त पोचलं तर तो वाचतो. आमची सगळी धडपड त्या भोवतीच्या भागासाठी असते, त्या म्हणाल्या. मला ते लगेच समजलं. भिजलेलं पुस्तक आमच्याकडे येतं तेव्हा मधल्या पानांचा लगदा झालेला असतो. त्यांच्यावर वेळ घालवायचा नसतो. आजूबाजूची नुसती ओली असतात, त्यांच्यात लगोलग टीपकागद घातला तर अर्ध्याहून जास्त पुस्तक हाती लागतं. संध्याकाळपर्यंत थांबलात तर सगळाच लगदा. हे काम बारक्या करतो. माझ्याकडे तेवढी चिकाटी नाही.

मी खिशातून दोन्ही चिठ्ठ्या काढून टेबलावर ठेवल्या.

“दहा पन्नासला ठीक होता,” मी म्हणालो. “हे त्याचं अक्षर.”

डॉक्टरीणबाईंनी पहिली चिठ्ठी बघितली. मग दुसरी. “आणि हे लाल कुणी लिहिलं?”

“मी.”

“म्हणजे अकरा पंचवीसला तुमच्या लक्षात आलं?”

“हो.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“त्यानं वेळ घातली नव्हती. ती घातली.”

त्याची बायको माझ्याकडे बघत होती, आणि मी आयुष्यात पुष्कळ नजरा बघितल्या आहेत, पण ती मी पुन्हा बघू शकणार नाही. डॉक्टरीणबाई मात्र आधीच दाराकडे निघाल्या होत्या. “दहा पन्नास धरते. तीन वीसपर्यंत वेळ आहे,” त्या म्हणाल्या. “चिठ्ठी मला लागेल.” त्यांनी दोन्ही नेल्या. दोन वाजून बारा मिनिटांनी इंजेक्शन सुरू झालं. मी घड्याळाखालीच उभा होतो.

मग बसून हिशेब केला. अकरा पंचवीस ते एक, पंच्याण्णव मिनिटं. गुणिले एकोणीस लाख. अठरा कोटी पाच लाख. दवाखान्यातल्या चार मिनिटांच्या शहात्तर लाख वेगळ्या. तोंडी केला, दोनदा ताडून बघितला. बाकावर शेजारी त्याची बायको बसली होती. तासाभरानं ती म्हणाली, “भावजी, तुम्ही बोललात हे बरं झालं.” थोड्या वेळानं म्हणाली, “आधी बोलला असतात तर तुमचं काय गेलं असतं?” दोन्ही वाक्यं एकाच आवाजात. मला रडू आलं. मी रडलो. तिनं रुमाल दिला नाही, आणि ते योग्यच होतं.

बारक्या वाचला. पाय चालायला लागला, आधी काठीनं, मग काठीशिवाय. उजवा हात अर्धामुर्धा आला. बोलणं आलं नाही. सगळं समजायचं, तोंडातून काही निघायचं नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इंजेक्शन नसतं मिळालं तर यातलंही काही दिसलं नसतं. मी विचारलं, दीड तास आधी मिळालं असतं तर? त्या म्हणाल्या, “ते सांगता येत नाही.” सांगता येत होतं. चांगली बाई आहे.

बोलणं शिकवायला आठवड्यातून तीनदा दवाखान्यात जायचं होतं. त्याच्या बायकोची शाळा, म्हणून न्यायला मी. शिकवणाऱ्या बाई गोल चेहऱ्याच्या, हसऱ्या, हातात कायम एक तक्ता. त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं, “काका, यांच्याशी दिवसभर बोलत राहायचं. सतत. गप्प बसायचं नाही. जमेल ना?”

“सवय नाही,” मी म्हणालो.

“होईल हो! भावाशी बोलायला काय सवय लागते?”

बारक्यानं माझ्याकडे बघितलं. वाकड्या तोंडानं तो हसला. त्या वेळी मला कळलं की वेंगाडणं वेगळं दिसतं.

बोलायला लागलो. आधी काय बोलायचं सुचेना, म्हणून दिसेल ते सांगायचो. हा जिना. हा दिवा. ही बाई जाडी आहे. मग हळूहळू अकरा वर्षांचं साठलेलं निघायला लागलं. तापाच्या दिवशी मी घरी जायला हवं होतं हे सांगितलं. त्याचं अक्षर चांगलं आहे हेही सांगितलं. तो नुसता ऐकायचा. त्याला दुसरा इलाजही नव्हता म्हणा.

सहा आठवडे झाले, एक शब्द नाही. बाई म्हणाल्या, घरातली, कामातली, जिव्हाळ्याची एखादी वस्तू आणा, त्यावरून विचारू. मी वरच्या फळीवरून हेडमास्तरांचं पुस्तक काढलं, धूळ झटकली आणि घेऊन गेलो. का ते मला विचारू नका. जिव्हाळ्याची म्हटल्यावर दुसरं काही आठवेना.

बाईंनी पुस्तक त्याच्यासमोर ठेवलं. सातवा फर्मा उघडला, उलटा बघून त्यांनी पुस्तक फिरवलं. “अरेच्चा! ही चूक कुणाची?” त्या सहज म्हणाल्या.

बारक्याचा चेहरा लाल झाला. ओठ हलले. मानेची शीर ताठ झाली. डावा हात उचलून त्यानं बोट माझ्यावर रोखलं.

“तु...” तो म्हणाला. “तु... झी.”

बाईंनी टाळीच वाजवली. “वा वा वा! स्पष्ट! एकदम स्पष्ट!” मग तक्ता पुढे ओढला, पेन काढलं. त्यात दोन रकाने होते. उत्तर आलं की नाही, आणि उत्तर बरोबर की चूक. पहिल्यात त्यांनी खूण केली आणि माझ्याकडे बघितलं. “काका, उत्तर बरोबर आहे का?”

आता सांगतो. फर्मे त्यानं सरळ लावून दिले होते. मला त्या दिवशी उशीर झाला होता, घाईत शिवताना सातवा फिरला, आणि शिवून झाल्यावर मला दिसलंही होतं. कोण उसवत बसणार, म्हणून तसाच पुढे ढकलला. अकरा वर्षं मला ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तर इतका चिडलो होतो.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “लिहा. शंभर टक्के बरोबर.”

त्यानंतर महिनाभर बारक्याकडे तो एकच शब्द होता. चहा घेणार का? तुझी. खिडकी लावू का? तुझी. दवाखान्यातल्या नर्सला तुझी, दारावर आलेल्या टपालवाल्याला तुझी. टपालवाला दचकून म्हणाला, माझं काय चुकलं? मी म्हणालो, तुमचं नाही हो, ते माझं आहे. दिवसातून चाळीस वेळा तो म्हणायचा आणि चाळीस वेळा मी म्हणायचो, हो रे बाबा, माझीच.

त्याच महिन्यात तो दुकानात यायला लागला. नुसता बसायला. मी शिवायचो, खळही मीच लावायचो, वाईट लावायचो, आणि तो बघून डोकं हलवायचा. एक दिवस मी दोन पुस्तकं शिकंज्यात घातली, चिठ्ठी लिहिली आणि सुई खाली ठेवली.

“बारक्या,” मी म्हणालो, “त्या दिवशी अकरा पंचवीसला मी तुझं तोंड बघितलं होतं. मला वाटलं तू मला वेंगाडून दाखवतोयस. तू मला हाका मारत होतास, मी भिंतीकडे तोंड करून बसलो. मी मुद्दाम बसलो. दीड तास. तुझं जे गेलं ते त्या दीड तासात गेलं.”

एवढं बोलून थांबलो. उत्तर काय येणार ते मला माहीतच होतं. त्याच्याकडे एकच शब्द होता आणि तो या प्रश्नासाठीच केलेला होता. मी मान खाली घालून वाट बघत होतो.

तो बोलला नाही. मी वर बघितलं. तो माझ्याकडेच बघत होता, तोंड मिटून, चांगलं घट्ट मिटून. टपालवाल्यालासुद्धा दिलेला शब्द त्यानं मला दिला नाही.

मग त्यानं डाव्या हातानं शिकंज्यावरची चिठ्ठी टकटक वाजवली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. सदतीस मिनिटं झाली होती. मी उठलो आणि पुस्तकं बाहेर काढली.